दूध कळकत नाही

वाचकांची पत्रं, डॉक्टरबाईंची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ६६. माहेर फलटणजवळचं एक खेडं. १९६८ साली माझ्या पाठीवर भाऊ झाला. दीड महिन्यातच आईला टायफॉइड झाला, तिचं दूध आटलं आणि बाळाला घरच्या गाईच्या दुधावर ठेवलं. वर्षाचा होईपर्यंत चांगला बाळसेदार होता. मग सारखी किरकिर, बारीक ताप, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. शेवटी डोळे हळदीसारखे झाले. दीड वर्षाचा असताना गेला. तालुक्याचे डॉक्टर "लिव्हर वाढलंय" एवढंच म्हणाले. आजी आईला जन्मभर पांढऱ्या पायाची म्हणत राहिली. गेल्या वर्षी आई गेली. माळा आवरताना पितळेची तपेली सापडली, काठावर ठिपक्याठिपक्यांनी भावाचं नाव आणि 'बारशानिमित्त मामांकडून' असं कोरलेलं. तिच्यातच त्याचं दूध तापायचं. मुलगा म्हणतो, पितळेतल्या दुधानं तेव्हा मुलांची यकृतं जायची. हे खरं आहे का? मग मी त्याच घरात वाढले, मला कसं काही झालं नाही? तपेली मोडीत घालायला हात धजत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी तुमच्या आईचं बोलू. पांढऱ्या पायाचा आणि यकृताचा काही संबंध नाही. आजी आता नाहीत, म्हणून हे तुम्हालाच सांगते.

तुमचा मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. तुमच्या भावाला काय झालं होतं ते पन्नास-पंचावन्न वर्षांनी, तपासणीचा एकही कागद नसताना, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तुम्ही केलेलं वर्णन वाचून माझी बोटं जागी झाली. १९७६ ते ७८ मी पुण्यात बालरोग विभागात रेसिडेंट होते. असं मूल आलं की आम्ही पोटावर हात ठेवायचो आणि डोळे मिटायचो. यकृत लागायचं ते लाकडासारखं टणक, आणि खालची कड झाडाच्या पानासारखी पातळ, धारदार. एरवी सुजलेलं यकृत कडेला गोलसर, बोथट लागतं. ही धार बोटाला लागली की वरिष्ठ काही न बोलता मान हलवायचे. कावीळ दिसू लागल्यावर आलेलं मूल बहुतेक वेळा काही आठवड्यांचं, फार तर काही महिन्यांचं सोबती असायचं.

या आजाराची पहिली नोंद १८८७ साली कलकत्त्यातून झाली. नाव पडलं इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. यकृताचा हा घट्टपणा दारुड्यांना होतो असं पुस्तकं सांगायची आणि इथे दीड-दोन वर्षांची पोरं. जवळजवळ शंभर वर्षं कारण सापडत नव्हतं. कुणी विषाणू म्हणे, कुणी शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, कुणी कुपोषण. पण ही मुलं उपाशी घरची नव्हती. दुभतं जनावर असलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन जायची, म्हणून कुणी आनुवंशिक म्हणे. त्यातच घराण्याला शाप आहे म्हणणारेही यायचे.

माझी स्वतःची चूक इथेच लिहून टाकते. वॉर्डातून घरी जाणाऱ्या आईला मी सांगायचे, "दूध भरपूर द्या. ताकद येऊ दे." डिस्चार्जच्या कागदावर ते माझ्या अक्षरात असायचं. एक बाई इंदापूरकडून यायची. मुलाचं दूध ती घरून चरवीत आणायची, झाकणाला फडकं बांधून. ती चरवी कॉटखाली दोन दिवस माझ्या पायात येत होती. पितळेची होती, घासून लख्ख केलेली. मी तिच्याकडे पाहिलं आणि काही पाहिलं नाही.

सूत्र हाती लागलं ते सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ साली लंडनमध्ये या मुलांच्या यकृताच्या चकत्यांना ऑर्सिन नावाचा रंग दिला, तर पेशींमध्ये गडद तपकिरी जाडे कण दिसले. ते प्रथिनाला चिकटून साठलेलं तांबं. निरोगी माणसाच्या वाळवलेल्या यकृतात ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आतच तांबं असतं. या मुलांच्या यकृतात ते बऱ्याचदा हजाराच्या पुढे निघालं. मग एवढं तांबं आलं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर त्याचा माग काढला तो थेट स्वयंपाकघरात. वरचं दूध कधी सुरू केलं, गाईचं की म्हशीचं, कशात तापवलं, कशात ठेवलं, असं आयांना बारकाईनं विचारलं. आजारी मुलाला त्याच्याच वयाचं निरोगी मूल जोडीला घेऊन दोघांच्या आयांना तेच प्रश्न. १९८३ साली लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आणि १९८७ साली पुन्हा त्यांनी लिहिलं : आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालं होतं आणि ते पितळेच्या, कधी तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं.

मी त्या कामात नव्हते. पण ते वाचलं तेव्हा मला कॉटखालची चरवी आठवली.

आता तुम्ही म्हणाल, पितळेत तर आपण पिढ्यान्‌पिढ्या जेवलो. खरं आहे. आणि पितळेचं वागणं आपल्या बायकांना माहीत नव्हतं असंही नाही. त्यासाठी आपल्याकडे शब्दच आहे, कळकणं. ताक पितळेत ठेवलं की कळकतं, चिंचेची आमटी कळकते, तोंड आंबट-तुरट होतं, मळमळतं. म्हणून तर दारात कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी, बाजूला भाता, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक फिरकी, की आतून भांडं चांदीचं. कथलाचा तो थर असला की तांबं अन्नात उतरत नाही. राखेनं घासून घासून कल्हई उडते, मग पुन्हा करायची. पण पैसे मोजून कल्हई करायची ती आंबटाच्या भांड्यांना. दुधाच्या तपेलीला कोण करतो? दूध कळकत नाही.

म्हणजे जिभेला कळत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पितळेत नुसतं पाणी ठेवलं तर त्यात थोडंच तांबं उतरतं. दूध मात्र ओढून घेतं, त्यातून ते तापवलेलं आणि तासन्‌तास तिथेच ठेवलेलं असलं तर जास्तच. चव तीच, रंग तोच, साय तशीच. नासलं असतं तर एखाद्या आजीनं शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं असतं.

आता बाळाच्या यकृताचं. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बाळ आपल्या यकृतात तांब्याची शिदोरी भरून घेतं, कारण आईच्या दुधात तांबं बेताचंच असतं. म्हणजे जन्मतःच कोठार भरलेलं. जादा तांबं शरीराबाहेर जाण्याची मुख्य वाट एकच, पित्तावाटे, आणि पहिल्या महिन्यांत ती वाट नीट चालू झालेली नसते. अशा वेळी दिवसाला पाच-सहा वाट्या तांबं विरघळलेलं दूध गेलं, तर तांबं पेशीतच अडकतं. पेशी ते प्रथिनात गुंडाळून कोपऱ्यात ठेवून बघते. कोपरे संपले की मोकळं तांबं पेशीच्या आतल्या यंत्रणेला जाळू लागतं, पेशी फुगते, मरते. यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. एरवी अ जीवनसत्त्व सांभाळत निमूट बसलेल्या. आजूबाजूला पेशी मरू लागल्या की त्या रूप पालटतात आणि चिवट तंतू विणत सुटतात. जखम बुजवायचाच त्यांचा हेतू. पण इथे एकेका पेशीभोवती जाळं विणलं जायचं. बोटाला लागणारा टणकपणा तो हाच.

मग तुम्हाला का नाही झालं? पहिलं म्हणजे तुम्ही आईच्या अंगावर किती दिवस प्यायलात ते आठवणाऱ्या कुणाला विचारून पहा. वर्ष-दीड वर्ष असेल, तर पित्ताची वाट चालू होईपर्यंत तपेलीतलं दूध तुमच्या वाट्याला फारसं आलंच नाही. दुसरं, पितळेतलं दूध लाखो मुलं प्यायली आणि त्यातली फार थोडी आजारी पडली. तेव्हा भांड्याबरोबर काही जन्मजातही असणार. याची साक्ष ऑस्ट्रियातून मिळाली. टायरॉल प्रांताच्या पश्चिम भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अगदी अशाच आजारानं गेली. १९९६ साली तिथल्या डॉक्टरांनी घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. तिथेही गाईचं दूध, तेही तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात उकळलेलं, आणि आजार दोन्हीकडून सदोष जनुक आलेल्या मुलांनाच. भांडी बदलली, आजार गेला. तांब्याचा दुसरा प्रसिद्ध आजार म्हणजे विल्सनचा, त्यात जन्मजात दोषामुळे शरीरात तांबं साठत जातं. त्याचं जनुक १९९३ साली सापडलं, पण टायरॉलच्या घराण्यांत तेही दोषी निघालं नाही. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नळाच्या पाण्यात तांबं जास्त असलेल्या गावांत मुलं ठणठणीत राहिली. म्हणून तांब्याच्या जोडीला आणखी काही होतं का, हा प्रश्न अभ्यासकांनी उघडा ठेवलाय. एकटी तपेली दोषी नाही ताई, आणि तपेली देणारा मामा तर नाहीच नाही.

पुढे पेनिसिलामिन हे शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषध पुण्यात या मुलांना देऊन पाहिलं. कावीळ होण्याआधी सापडलेली बरीच मुलं वाचली, आणि काहींची यकृतं काही वर्षांनी तपासली तर जवळजवळ सरळ झाली होती. यकृताचा घट्टपणा परत फिरू शकतो हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. तुमच्या भावाच्या वेळी हे औषध या आजारासाठी कुणाच्या मनातही नव्हतं.

आज बालरोगतज्ज्ञ होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांनी हा आजार बहुधा पाहिलेलाही नसतो. डॉक्टरांनी पितळ सोडायला सांगितलं हे खरं, पण मला विचाराल तर निम्मं श्रेय बोहारणीचं. जुन्या साड्या-धोतरांवर स्टीलची पातेली देत ती गल्लोगल्ली फिरली आणि आम्ही प्रिस्क्रिप्शनवर लिहून जे झालं नसतं ते तिनं केलं.

तपेली मोडीत घालू नका. कल्हई करून घ्या. साताऱ्यात अजून कल्हईवाले असतील. नाही केलीत तरी चालेल, पण मग तिच्यात दूध, ताक, चिंच, टोमॅटो काही नको. फुलं ठेवा, नाण्यांचा डबा करा. नाव मात्र जपून घासा. ठिपक्यांची कोरणी चिंचेनं लवकर झिजते.


प्रश्न : सून सात महिन्यांच्या नातवाला तांब्याच्या बाटलीतलं पाणी देऊ देत नाही. आयुर्वेदात सांगितलंय, आम्ही सगळे तेच पितो. तिला समजवा.
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, वरचं उत्तर वाचलंत ना? समजवायचं तर तुम्हाला.

तुम्ही प्या. रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात उतरणारं तांबं मोठ्या माणसाचं यकृत सहज हाताळतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जागतिक आरोग्य संघटना चालवून घेते. पण बाटलीत लिंबू पिळू नका, सरबत किंवा ताक भरू नका, आणि तेच पाणी तीन-तीन दिवस ठेवू नका. घरात कुणाला विल्सनचा आजार असेल तर त्याच्यासाठी ही बाटली नाहीच. सात महिन्यांच्या बाळाला तांब्यानं मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याची शिदोरी तो घेऊन आलाय. त्याला स्टीलच्या पातेल्यात उकळून गार केलेलं पाणी, तेही चमच्या-वाटीनं. बाटलीतल्या पाण्यात दुधाची पावडर तर कधीच कालवू नका.

सुनेला माझा नमस्कार सांगा.


प्रश्न : मी माळकरी आहे, वय ४७, पंढरपूर तालुका. दारूचा थेंब कधी घेतला नाही, मांसमच्छर नाही. वजन ७१, उंची ५ फूट ५. पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं. मेहुणे चारचौघांत म्हणतात, "बुवा चोरून घेतात." डॉक्टरांनीही दोनदा विचारलं. रिपोर्टचा फोटो पाठवत आहे.
– एक वाचक

उत्तर : बुवा, हा आरोप झालेले तुम्ही पहिले नाही. १९११ साली बॉस्टनच्या मॅलरी नावाच्या डॉक्टरांनी दारुड्यांच्या यकृतपेशींमध्ये गुलाबी दोरखंडासारखे पुंजके पाहिले. पुढे पन्नास-साठ वर्षं हे पुंजके दिसले की दारू, असं समीकरण बसलं. गंमत म्हणजे वर लिहिलेल्या तान्ह्या मुलांच्या यकृतात तेच पुंजके भरभरून असायचे. त्यांना कोण विचारणार चोरून घेतोस का? तरी मोठ्यांच्या बाबतीत डॉक्टरांची शंका फिटेना. १९८० साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी असे २० रुग्ण गोळा केले, ज्यांची यकृतं दारुड्यासारखी आणि पिणं नगण्य, आणि या आजाराला नाव दिलं. त्या नावातही 'दारूविना' होतंच. म्हणजे निर्दोष सोडतानासुद्धा आरोपाचा उल्लेख. २०२३ साली ते नाव बदललं. आता चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेला यकृताचा आजार म्हणतात. मेहुण्यांना हे सांगायला हरकत नाही.

यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइमं असतात, एसजीपीटी आणि एसजीओटी. तुमच्या फोटोत एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त आहे. दारूच्या यकृतात बहुधा उलटं असतं, एसजीओटी दुपटीच्या घरात. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण कागद तुमच्या बाजूनं बोलतोय.

मग चरबी आली कुठून? ती पानातून उचलून यकृतात टाकलेली नसते. खाल्लेली साखर आणि पिष्ट स्नायूंनी उचलायची, इन्शुलिननं दार ठोठावलं की. स्नायू दार उघडेनासे झाले की तो माल यकृताकडे येतो आणि यकृत त्याची चरबी करून ठेवतं. पोटाच्या आतली चरबीही रक्तावाटे थेट यकृतात उतरते. तुमचं वजन फार नाही असं तुम्हाला वाटेल. पुण्याच्या केईएममधले मधुमेहाचे अभ्यासक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्तीची अर्थात आपल्या याज्ञिकांची. आपण भारतीय बारीक दिसतो आणि आत लोणी साठवतो. तुमचा बीएमआय मी काढला, २६ भरतो. आपल्याकडे २३ च्या पुढे सावध व्हायचं असतं.

तुमच्या दिनक्रमात चहा किती वेळा ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पंढरपूरकडच्या माणसाला घरोघरी चहा नाकारता येत नाही हे मला माहीत आहे. दोन चमचे साखर गुणिले आठ कप. आणि एकादशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्यांचा भात, वर शेंगदाण्याचा लाडू. विठ्ठलाला चालत असेल, यकृताला उपास वाटत नाही. एकादशीला ताक, राजगिरा, फळ एवढ्यावर राहून पहा. सात ते दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे तुमचे पाच ते सात किलो, तर चरबी तर हटतेच, सूजही ओसरते. आषाढीला वीसेक दिवस चालता ना? मग पाय शाबूत आहेत. उरलेलं वर्षभर रोज पाऊण तास चाला, टाळ नसले तरी चालेल.

औषधाची घाई नको, 'लिव्हर टॉनिक' तर नकोच. गुळवेलीचा काढाही बंद करा, घेत असाल तर. करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आणि २०२१ साली छापून आणले. चरबीनं आधीच दमलेल्या यकृतावर ही जोखीम कशाला?

सोनोग्राफीतला 'ग्रेड' चरबीचा असतो. तंतू किती विणले गेलेत ते त्यावरून कळत नाही, आणि काळजी करायची ती तंतूंची. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून त्याचा अंदाज काढता येतो, गुणाकार, भागाकार आणि एक वर्गमूळ, एवढंच गणित आहे. तीन आकडे मिळाले. प्लेटलेट्सची ओळ तुमच्या फोटोत कागदाच्या घडीत गेलीय. कागद सरळ करून पुन्हा फोटो पाठवा.